केरसुणीवर बसायचं नाही

दुसऱ्याच्या लहानपणाची आठवण काढून हळवं कसं व्हायचं, हे अमेरिकेत आल्यावर शिकावं लागतं. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या गल्लीतल्या आईबापांनी २०२४च्या हॅलोवीनला ‘आपल्या नव्वदच्या दशकातल्या चेटकिणी’ व्हायचं ठरवलं आणि जो तो गहिवरला. कोणाला टीव्हीवरची ‘सबरीना’ आणि तिचं टोमणे मारणारं काळं मांजर आठवलं, कोणाला ‘चार्म्ड’मधल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बहिणी. मीही सगळ्यांबरोबर सुस्कारा टाकला. माझी नव्वदी साताऱ्यात गेली आणि तिथे चेटकिणींचा पुरवठा बेताचाच होता.

मुलींनी आमच्यासाठी ‘होकस पोकस’ निवडला. सेलम गावातल्या तीन सँडरसन बहिणी, १६९३ साली फासावर गेलेल्या आणि ३०० वर्षांनी कोणीतरी एक मेणबत्ती पेटवली म्हणून परत आलेल्या. हा हॅलोवीनचा सिनेमा डिस्नेने लावला १९९३च्या जुलैत, ऐन उन्हाळ्यात. तेव्हा तो फारसा चालला नाही. मग टीव्हीवर वर्षानुवर्षं दाखवून दाखवून तो एका अख्ख्या पिढीचं बालपण होऊन बसला. अभ्यास म्हणून आम्ही तो सहकुटुंब पाहिला. मेणबत्ती पेटवणारा ‘व्हर्जिन’ असेल तरच चेटकिणी जिवंत होतात, ही अट त्यात पुन्हा पुन्हा येते. “म्हणजे कोणी पेटवायची?” सासूबाईंनी विचारलं. नवरा पाणी प्यायला म्हणून उठला तो सिनेमा संपेपर्यंत फिरकला नाही.

भूमिका ठरायला वेळ लागला नाही. थोरली विनिफ्रेड, कारण ती उरलेल्या दोघींवर ओरडते. धाकटी सारा, कारण सारा बहुतेक वेळ नुसती नाचते. उरली मेरी. ती वासावरून पोरं हुडकते. “आई, तू पण दारातूनच ओळखतेस ना, आम्ही बाहेर काय खाऊन आलो ते,” असं म्हणून मेरी माझ्या गळ्यात मारण्यात आली.

आईंना हे सगळं कच्चं वाटत होतं. चेटकीण म्हणजे ‘अलबत्या गलबत्या’मधली, आणि ती करावी तर दिलीप प्रभावळकरांनीच, असं त्यांचं मत. “२०१८ला वैभव मांगलेंनीही केली होती,” मी म्हटलं. एवढ्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की हे मुळात पुरुषांचं काम आहे, आणि त्या मुलाकडे पाहू लागल्या. नवऱ्याला गराजमधली काहीतरी तातडीची आवराआवर आठवली.

इथपर्यंत सगळं हसतखेळत चाललं होतं. मग आईंनी कालनिर्णय काढलं.

महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. पण अमावास्या तिथे ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमारास लागत होती, म्हणजे आमच्याकडे त्याच दिवशी सकाळी. आणि १ तारखेला आमची न्याहारी होईतो संपतही होती. लक्ष्मीपूजनाला अमावास्येची संध्याकाळ हवी. न्यू जर्सीच्या वाट्याला ती एकच आली होती, हॅलोवीनची. सूर्य सहाच्या आत मावळणार. प्रदोषकाळ आणि पोरांनी चॉकलेटं मागत दारोदार हिंडायची वेळ बरोब्बर एकमेकींवर बसत होत्या.

“म्हणजे अमावास्येला, तिन्हीसांजेला, लक्ष्मी यायच्या वेळी, या घरातून तीन चेटकिणी निघणार,” आईंनी हिशेब मांडला.

“निघतायत ना? येत तर नाहीयेत,” गराजमधून आवाज आला.

विनिफ्रेडचा झगा हिरवा असतो. दुकानात तो तयार मिळतो; ज्या पिशवीत मिळतो तिच्याहून पातळ, आणि किंमत बघून वाटावं की जरतार खरी असेल. म्हणून मी कपाटातली एक हिरवी साडी काढली. “सवाष्णीच्या ओटीची साडी! चेटकिणीला?” आई कळवळल्या. आता ओटीच्या साड्यांचं एक स्वतंत्र जग आहे. त्या नेसायच्या नसतात, पुढे ढकलायच्या असतात. ही साडी कोणीतरी आईंना दिली होती आणि आईंनी ती मला. मी तिची घडी मोडत होते, हे त्या साडीच्या आयुष्यातलं पहिलंच मंगलकार्य असावं. आईंनी थोडा वेळ हळहळून घेतलं, मग काठ वाया घालवू नकोस, बाह्यांना लाव, असं सुचवलं आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर स्वतःच बसल्या. साराचा जांभळा झगा त्यांनी माझ्या जुन्या ओढणीतून काढला. मेरीच्या वाट्याला उरलेलं सगळं आलं.

केसांच्या बाबतीत मला काही बोलायलाच मिळालं नाही. मेरीचे केस डोक्यावर शिंगासारखे उभे असतात. मी हतबल होऊन टोपांच्या किमती बघत होते. आईंनी चष्मा लावून फोनवरचं चित्र निरखलं, “एवढंच ना?” म्हणाल्या आणि बॅगेतून गंगावन काढलं. आत हँगरची वाकवलेली तार, बाहेरून गंगावन, वरून आकडे. तासाभरात माझ्या डोक्यावर जे उभं राहिलं ते बघून धाकटी दोन पावलं मागे सरकली. मूळ मेरीचं शिंग जरा कललेलं असतं. “तिला कोणी नीट घालून दिलं नसेल,” असं म्हणून आईंनी माझं ताठ केलं.

विनिफ्रेडचं मंत्रांचं पुस्तक माणसाच्या कातड्यात बांधलेलं असतं आणि त्याला एक उघडझाप करणारा डोळा असतो. घरातलं सगळ्यात जाड, खिळखिळं, डागाळलेलं, आणि ज्यात बघितल्याशिवाय माझं पान हलत नाही असं पुस्तक एकच, कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’. मी त्याला तपकिरी कव्हर घातलं आणि वर डोळा चिकटवला. फराळाचे दिवस असल्यामुळे ते रोज ओट्यावर उघडं असायचं. डोळा वटारलेल्या पुस्तकात बघून आईंनी अनारसे केले; बिनसलं तेव्हा दोष अर्थातच डोळ्याचा.

खरा प्रसंग पुढेच होता. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतून आईंनी धनत्रयोदशीला नवी केरसुणी आणली होती. लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहायचं, म्हणून ती कोपऱ्यात उभी करून ठेवली होती. थोरली शाळेतून आली, तिने ती पाहिली आणि आनंदाने किंचाळली. इतकी अस्सल चेटकिणीची झाडू तिने अमेरिकेत कुठे पाहिली नव्हती. कमी होती ती दांड्याची. संध्याकाळी आई देवघरातून बाहेर आल्या, तेव्हा केरसुणी पडद्याच्या दांडीला चिकटपट्टीने जखडलेली होती आणि थोरली तिच्यावर बसून हॉलमध्ये फेऱ्या मारत होती.

“लक्ष्मीवर बसलीस?”

केरसुणीला पाय लागला तर आम्ही नमस्कार करणारी माणसं. इथे नात स्वार झालेली. थोरलीचं म्हणणं, झाडूशिवाय विनिफ्रेड म्हणजे नुसती हिरव्या साडीतली बाई. मी निवाडा करायला उभी राहिले. म्हटलं, ‘विझर्ड ऑफ ऑझ’च्या १९००च्या मूळ पुस्तकातली दुष्ट चेटकीण झाडू नाही, छत्री घेऊन हिंडते. एकच डोळा असतो तिला आणि हातात छत्री. आपल्याकडे तर दांड्याची काळी छत्री आहे! थोरलीने माझ्याकडे जे पाहिलं, त्यापुढे ‘रुचिरा’वरचा डोळा मायाळू वाटला.

तोडगा अखेर सिनेमातूनच निघाला. त्यात बहिणींच्या झाडू चोरीला जातात आणि मेरी चक्क व्हॅक्यूम क्लीनरवर बसून उडते, सारा मॉपवर. २०२२च्या दुसऱ्या भागात तर मेरीच्या पायाखाली दोन गोल रोबो-व्हॅक्यूम येतात. म्हणजे यंत्राला शास्त्राधार होता. नवऱ्याने गराजमधून पानं उडवायचा ब्लोअर आणला. थोरलीने बटण दाबलं, अनारशांवरची खसखस उडाली, आणि विनिफ्रेडचं वाहन नक्की झालं. केरसुणीची चिकटपट्टी सोडवायला आईंनी थोरलीलाच बसवलं, एकेक काडी सांभाळून.

एरवी न्यू जर्सीत हॅलोवीनला पोशाखावर जाडजूड जाकीट चढवावं लागतं आणि पोरं कोण झाली आहेत ते कोणालाच कळत नाही. त्या दिवशी मात्र पारा ८० फॅरनहाइटच्या आसपास. माझ्या कपाळावरून घाम, घामातून काजळ, आणि वर आईंचं शिंग तसूभर न हललेलं. पूजा उरकून, साखरफुटाण्यांचा प्रसाद तोंडात टाकून आम्ही निघालो. मी व्हॅक्यूम क्लीनर ओढत होते. चेटकिणी का उडतात, हे दुसऱ्या चौकातच समजलं.

दारावर आई होत्या. आकाशकंदील, रांगोळी, पणत्या आणि चॉकलेटांची परडी. चकल्या द्यायच्या नाहीत, इथे फक्त वेष्टनातलंच देतात, हे त्यांना बजावून ठेवलं होतं. ‘विझर्ड ऑफ ऑझ’मधल्या त्याच चेटकिणीवरचा ‘विकेड’ सिनेमा नोव्हेंबरात येणार होता, म्हणून त्या वर्षी हिरव्या तोंडाच्या एल्फाबा, म्हणजे त्यातल्या चेटकिणी, ढिगाने होत्या. एकीच्या आईने आमच्या आईंना सांगितलं की ‘विझर्ड ऑफ ऑझ’च्या १९३९च्या सिनेमात चेटकीण झालेल्या मार्गारेट हॅमिल्टनच्या तोंडाला जो हिरवा रंग लावायचे, त्यात तांबं असायचं. नवऱ्याने मध्ये उभं राहून समजावलं. “तांबं? मग चिंच लावायची,” आई म्हणाल्या.

रात्री बाराच्या सुमारास आम्ही तिघी सोफ्यावर आडव्या पडलो होतो. चॉकलेटांचे कागद सगळीकडे. आई पूजेतली केरसुणी घेऊन उभ्या राहिल्या. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री घर झाडून अलक्ष्मीला बाहेर घालवतात.

“ते झगे उतरवा आधी,” आमच्याकडे एक नजर टाकून त्या म्हणाल्या, “नाहीतर सुरुवात तुमच्यापासून करावी लागेल.”

त्यांनी झाडायला घेतलं. पण आमच्या घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा. केरसुणी त्याच्यावरून नुसती घसरत होती. कागदाचा कपटासुद्धा जागचा हलेना, मग अलक्ष्मी कुठली हलायला. आई थांबल्या. कोपऱ्यातल्या मेरीच्या वाहनाकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं, देवघरातून कोयरी आणली, व्हॅक्यूम क्लीनरला हळदकुंकू लावलं, वर दोन अक्षता टाकल्या आणि मला म्हणाल्या, “वायर लाव.”