कोआला मठ्ठ आहे म्हणे!

आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा परत तो कोआलाचा (ऑस्ट्रेलियातला, निलगिरीची पानं खाऊन राहणारा प्राणी) फॉरवर्ड आला. जगातला सगळ्यात मठ्ठ प्राणी, मेंदू गुळगुळीत, ताटात पानं वाढली तर ओळखत नाही, निलगिरीच्या नशेत झोपून असतो, रस्त्यावर येऊन गाडीखाली चिरडला जातो, त्याला वाचवण्यात पैसे घालणं म्हणजे नासाडी. आठ वर्षांच्या भाचीने तो वाचला आणि मला विचारलं, "मामा, मग ते मेले तर चालतं का?" डोकंच फिरलं माझं.

आधी रस्त्याचंच घेतो, कारण तेच सगळ्यात वाईट आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला ग्रिफिथ युनिव्हर्सिटीच्या लोकांनी कोआला रस्त्याखालून जायला शिकतात का हेच तपासलं, २०१६ मध्ये पेपर आलाय. रस्त्याखालच्या मोऱ्यांमध्ये पाण्याच्या वर चालायला फळ्या बसवल्या, कोआलांना जीपीएस आणि टॅग लावले, कॅमेरे ठेवले. त्यांना वाटलेलं सवय व्हायला खूप दिवस जातील, तर तीन आठवड्यांत एक कोआला तिथून जायला लागला, तेही एकदाच नाही. अहो, झाडावर राहणारा प्राणी तो, खाली उतरून अंधाऱ्या मोरीत शिरायचं, डोक्यावर गाड्यांचा धडधडाट, फळीवरून पलीकडे निघायचं आणि तीच वाट लक्षात ठेवून परत यायचं, कुणी शिकवलं होतं त्याला? माणसांनी त्याच्या झाडांच्या मधून रस्ता नेला आणि खालून वाट ठेवली नाही म्हणून तो वर येऊन मरतो.

ताटातल्या पानांचं अगदीच खोटं नाही, मान्य. तोडून सपाट जागी ठेवलेली पानं तो खात नाही असं म्हणतात. पण ऑस्ट्रेलियातल्याच फिलिप आयलंड बेटावर एकेका झाडाच्या पानांतली त्रासदायक रसायनं मोजली (२००५, 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलंय), तर कोआला ती कमी असलेल्या आणि मोठ्या झाडांवरच जास्त वेळा जात होते. आपल्याला ती सगळी एकसारखी निलगिरीच दिसली असती.

मेंदू लहान आणि गुळगुळीत, हो, आहे. म्हणून वाट सापडत नाही हे कुठून काढलं? नशेचं तर साफ खोटं, पानांत सत्त्व कमी आणि पचायला जड म्हणून तो १८-२० तास झोपतो.

आणि नासाडी म्हणे! फेब्रुवारी २०२२ मध्ये क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स आणि कॅनबेरा भागातले कोआला सरकारने धोक्यात आलेले म्हणून जाहीर केलेत, आणि इथे आपण बोलतोय मोरीतल्या एका फळीच्या खर्चाबद्दल. काका, प्लीज तो मेसेज डिलीट करा, पोरं वाचतात.