गोडाऊनमध्ये साथ आली तर शेठने काय काय करावं

सगळ्यात आधी शेठ, कपाळावर धरायची ती टेम्परेचर गन घ्या. बडोद्याच्या मकरपुऱ्यात जीआयडीसीच्या, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीच्या, गेटवर वॉचमनच्या हातात गन दिसली की पार्टीला वाटतं, वा, इथे लेबरची काळजी घेतात. आता तिच्यात फक्त ताप दिसतो, आणि कोरोनात ताप यायच्या आधीपासूनच माणूस दुसऱ्याला प्रसाद वाटत होता, पण हे तुम्ही कशाला बोलताय. शिवाय असलेला तापही गेटवर दिसेलच असं नाही, कारण पोरं हुशार आहेत, सकाळी पॅरासिटामॉल घ्यायची, चहाच्या लारीवर थोडं थांबायचं, घाम सुटला की मग आत. का असं करतात म्हणाल तर खाडा झाला की त्या दिवसाची हजेरी गेली, आणि दोन-तीन खाडे झाले की ठेकेदार दुसरा माणूस आणून उभा करतो. म्हणजे पोरगं आजारी आलं ते तुमच्याच सिस्टिममुळे, पण गनमध्ये तर नॉर्मल आलं ना, मग तुम्ही सुटलात.

आजारपणाची पगारी रजा मात्र चुकूनही देऊ नका, सवय लागते. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, हे ज्यांचा हप्ता नीट भरलाय त्यांच्यासाठी आहे, तेव्हा हप्ता नीट न भरणं हाच सोपा उपाय. कोणी आपला ईएसआयचा नंबर मागितला तर सांगा, ऑनलाईन आहे.

गेटवर औषध फवारायचा बोगदा पण करा, फोटो झकास येतो. केंद्राच्या आरोग्य खात्याने एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं की माणसांवर असं फवारू नका, डोळ्याला कातडीला त्रास होतो आणि आत गेलेला व्हायरस काही त्याने मरत नाही. पण बोगद्याला तुमच्या नावाची रिबन लावता येते, एक्झॉस्ट फॅनला कुठे लावणार? तो तर वर पत्र्याखाली, कोणाला दिसत पण नाही. शटर उघडी ठेवली तर हवा खेळेल हे खरं, पण मग धूळ येते, कार्टन खराब होतात, आणि कार्टनचा इन्शुरन्स काढलेला असतो, त्याचं बघावं लागतं.

अंतर ठेवा. बाहेर चुन्याचे गोल आखा. आत दोन जणं मिळून एक गोणी उचलतात तिथे सहा फूट कसे ठेवायचे ते त्यांचं ते बघतील. जेवायला सगळ्यांना एकदम सोडा, एकाच बंद खोलीत, मास्क काढून, म्हणजे टाईम वाचतो.

आणि तास वाढवा! गुजरातने १७ एप्रिल २०२० ला नोटिफिकेशन काढून फॅक्टऱ्यांना दिवसाचे १२ आणि आठवड्याचे ७२ तास करायची परवानगी दिली होती, ओव्हरटाईमचा डबल रेट पण नाही, उदाहरण देऊनच सांगितलं होतं, आठ तासांचे ८० रुपये असतील तर बारा तासांचे १२०. किती सरळ हिशोब! दमलेला माणूस जास्त वेळ बंद हवेत, तोही स्वस्तात. सुप्रीम कोर्टाने १ ऑक्टोबर २०२० ला ते रद्द केलं आणि तेवढ्या काळाचा ओव्हरटाईम द्यायला सांगितला, ते जरा मनाला लागलं. म्हणून आधीच बोलून ठेवा की आपलं तर गोडाऊन आहे, फॅक्टरी नव्हे. पॅकिंगसुद्धा कायद्यात मॅन्युफॅक्चरिंग धरतात ही गोष्ट तुमच्या वकिलाला माहीत आहे, लेबरला नाही.

तरी कोणी जुना हिशोब मागायला आलाच तर म्हणा हजेरीचं मस्टर विश्वामित्री नदीच्या पुरात गेलं. बडोद्यात यावर कोणी शंका घेत नाही. फक्त गोडाऊन पहिल्या मजल्यावर असेल तर सांगायच्या आधी जरा विचार करा.