लाईटबिलात चार्जर शोधणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या वाडीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात अण्णांनी एक मेसेज टाकला. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज मला आणखी चार ग्रुपांवर आला. एक मुंबईतल्या मंडळाचा, एक आंबा बागायतदारांचा, एक दहावीच्या बॅचचा, आणि चौथा कशाचा आहे ते मलाही आता आठवत नाही. मजकूर असा:

“कोकणवासीयांनो, सावधान! इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जर बसवायला वीज कंपन्यांना हजारो कोटींचं अनुदान मिळतंय. तो सगळा पैसा तुमच्या लाईटबिलातून वसूल होणार. आधीच गावात लाईट टिकत नाही, त्यात गाड्या लागल्या की डीपी जळणार. कोकणात अशा गाड्या आहेतच किती? चार्जर गंजून जाणार. पेट्रोल पंपाला कधी सरकारने पैसे दिले का? ज्याला धंदा करायचाय तो स्वतःच्या पैशाने करील. आणि आपल्या पावसात चार्जरला हात लावाल तर शॉक बसेल. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.”

आधी माझी बाजू सांगून टाकतो. माझ्याकडे इलेक्ट्रिक गाडी नाही, जुनी डिझेलची आहे आणि ती अजून पाच-सात वर्षं काढील. गुहागर तालुक्यात घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. गेल्या दोन-तीन हंगामांत पाहुण्यांचा पहिला प्रश्न ‘मासे मिळतील का’ हा राहिलेला नाही, ‘गाडी चार्ज करता येईल का’ असा झालाय. त्यामुळे या विषयात माझा थोडा स्वार्थ आहे, तो धरूनच पुढचं वाचा.

“पैसा लाईटबिलातून वसूल होणार.”

मेसेजातलं हे सगळ्यात ठसक्यात लिहिलेलं वाक्य, आणि नेमकं तेच उलटं आहे.

हजारो कोटी हा आकडा खोटा नाही. केंद्राची इलेक्ट्रिक गाड्यांसाठीची फेम-२ योजना एप्रिल २०१९ ते मार्च २०२४ चालली. सुरुवातीच्या १०,००० कोटींपैकी १,००० कोटी चार्जिंगच्या सोयींसाठी होते. ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह आली. १०,९०० कोटींची योजना, त्यातले २,००० कोटी चार्जिंगला. हे सगळ्या देशाचे, आणि एकट्या वीज कंपन्यांचे नव्हेत. आता हा पैसा बिलात कसा शिरेल ते बघू. वीजदर कंपनी स्वतः ठरवत नाही, राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. कंपनीने स्वतःच्या किंवा कर्जाच्या पैशाने ट्रान्सफॉर्मर बसवला, तर त्याचा घसारा, कर्जाचं व्याज आणि भांडवलावरचा परतावा ही तिन्ही दरात धरली जातात आणि शेवटी आपल्या बिलात येतात. तोच ट्रान्सफॉर्मर अनुदानातून किंवा ग्राहकाने भरलेल्या पैशातून उभा राहिला, तर आयोगाच्या नियमांप्रमाणे यातलं काहीच कंपनीला मागता येत नाही. फक्त देखभालीचा खर्च मागता येतो. म्हणजे बिलाची काळजी असेल, तर अनुदान मिळालं नाही आणि कंपनीने कर्ज काढून खांब उभे केले, तेव्हा ती करायची.

मग ही भीती आली कुठून? माझा संशय असा की, कुणीतरी अमेरिकेतला वाद उचलून त्याच्यावर कोकणाचं नाव चिकटवलं. तिथे प्रकरण खरोखरच वेगळं आहे. न्यूयॉर्क राज्याच्या आयोगाने जुलै २०२० मध्ये तिथल्या वीज कंपन्यांना ७० कोटी १० लाख डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला. वायर, ट्रान्सफॉर्मर, चौथरा असं चार्जरपर्यंतचं सगळं काम तयार करून द्यायचं. चार्जर दुसऱ्याने बसवायचा. तो खर्च तिथल्या वीजग्राहकांकडूनच वसूल होतो. त्यामुळे गाडी नसलेल्याने का भरायचं, हा प्रश्न तिथे रास्त आहे आणि लोक तो विचारतातही. आपल्याकडे पैसा केंद्राच्या तिजोरीतून येतो. तिजोरी भरते आपल्याच करातून, हे कबूल. पण मग भांडण अर्थसंकल्पाशी आहे. महिन्याच्या बिलात ‘स्थिर आकार’, ‘वहन आकार’ या ओळींवर बोट ठेवून चार्जर शोधत बसलात, तर तो सापडणार नाही.

“डीपी जळणार.”

डीपी म्हणजे वाडीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. ही भीती मला समजते. आमच्याकडे मे महिन्यात संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडतं की फिरत्या पंख्याची पाती मोजता येतात. पोफळीला कोयनेचं वीजगृह, अंजनवेलला गॅसचा प्रकल्प, जयगडला कोळशाचा. एका जिल्ह्यात एवढी वीज तयार होते, आणि आमच्या वाडीतला बल्ब मात्र देवघरातल्या समईसारखा. विजेचा तुटवडा नाही, शेवटच्या दोन-चार किलोमीटरची वायर आणि डीपी दुबळी आहे.

पण भार मोजूनच बोलू. घरच्या सॉकेटवर गाडी लावली तर साधारण ३.३ किलोवॅट खेचते. अण्णांच्या आगरात ५ एचपीचा पंप आहे, तो ३.७ किलोवॅटचा. वाडीत असे किती पंप आहेत ते प्रत्येकाने आपापल्या मनात मोजावं. गाडी लावल्याने डीपी जळत असेल, तर ती आगर शिंपण्याने आधीच जळायला हवी होती. हां, सगळ्यांनी संध्याकाळी सातलाच गाड्या लावल्या तर त्रास होईल. त्यावरचा उपाय केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. सूर्य असताना सार्वजनिक चार्जरला वीजपुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या ०.७ पट दर, इतर वेळी १.३ पट. दुपारी गाडी लावणारा स्वस्तात सुटतो.

५०-६० किलोवॅटचा मोठा चार्जर मात्र वाडीच्या डीपीवर बसतच नाही. त्याला सहसा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर लागतो, एचटी म्हणजे उच्च दाबाची लाईन ओढावी लागते. एरवी तो खर्च मागणाऱ्याच्या माथी. अनुदान आहे ते मुख्यतः याच कामाला. पीएम ई-ड्राइव्हच्या नियमांत महामार्गालगतच्या खासगी जागेवर चार्जरच्या यंत्राला पैसे नाहीत. ट्रान्सफॉर्मर, केबल, ब्रेकर अशा मागच्या कामाच्या ८० टक्के मिळतात. सरकारी कार्यालयं, दवाखाने अशा जागी यंत्राचेही पैसे मिळतात. लाईट टिकत नाही म्हणून तक्रार करायची आणि वायर-ट्रान्सफॉर्मरला पैसे आले की त्यालाही नको म्हणायचं, हे काही मला जुळत नाही.

“चार्जर गंजून जाणार. ज्याला धंदा करायचाय तो करील.”

हे दोन मुद्दे एकत्र घेतो, कारण एकाचं उत्तर दुसऱ्यात आहे. धंदा करायला कुणाला बंदी नाही. चार्जिंग म्हणजे वीज विकणं नव्हे, ती सेवा आहे आणि तिला परवाना लागत नाही, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ लाच स्पष्ट केलं. उद्या मीही चौथरा बांधून चार्जर लावू शकतो. लावत का नाही? हिशोब बघा. समजा, चार्जर आणि मागचं काम मिळून १५ लाख लागले. दिवसाला दोन गाड्या आल्या, प्रत्येकीने २० युनिट घेतले, युनिटमागे सहा रुपये सुटले. वर्षाचे झाले ८७,६००. मुद्दल फिटायला सतरा वर्षं. तोवर खाऱ्या वाऱ्याने यंत्राची काय दशा होईल ते कोकणात सांगायला नको. आता मागच्या कामाचे सात लाख धरा आणि त्यातले ८० टक्के अनुदानाने गेले असं समजा. दोन गाड्यांवर तरीही जवळजवळ अकरा वर्षं. पाच गाड्या आल्या तर सव्वाचार वर्षं. म्हणजे अनुदान घेऊन कुणी घरबसल्या श्रीमंत होत नाही, फक्त बुडीत धंदा जोखमीच्या धंद्यात येतो.

गाड्या कमी म्हणून चार्जर नको, आणि चार्जर नाही म्हणून गाडी नको. मुंबईहून सावंतवाडी पाचशे किलोमीटरच्या आसपास. चाकरमान्याने गणपतीला सहकुटुंब निघायचं आणि पोलादपूरला बॅटरीचा टक्का बघून घाम पुसायचा, यापेक्षा तो सीएनजीच्या रांगेत उभा राहील. केंद्राची सूचना महामार्गावर दर २० किलोमीटरला चार्जरची आहे. मला त्यातही एक खोट दिसते. पाहुणा महामार्गावर मुक्कामाला येत नाही. तो चिपळूणहून चाळीसेक किलोमीटर आत गुहागरला येतो, खेडहून दापोलीला, कणकवलीहून देवगडला जातो. महामार्गाची माळ भरली तरी किनारा मोकळाच राहील.

आणि गंजण्याचं? इथे मेसेजवाल्याला अर्धे गुण. मागच्या मे महिन्यात भाच्याच्या इलेक्ट्रिक गाडीतून मुंबईला निघालो होतो. ॲपवर हिरवा दिसणारा चार्जर, जागेवर गेलो तर पडद्यावर कोळ्याचं जाळं. फोन लावला, तर ‘तक्रार नोंदवली आहे’. पुढच्या चार्जरपर्यंत एसी बंद करून, काचा उघड्या टाकून गेलो. भाचा मला तोंड दाखवत नव्हता. बसवण्यासाठी पैसे मिळतात, चालू ठेवण्यासाठी मिळत नाहीत, तेव्हा असंच होणार. माझ्या मते अनुदानातला मोठा वाटा प्रत्यक्ष किती युनिट गाड्यांत गेले त्यावर, वर्षा-वर्षाने द्यावा. पण ही मागणी ‘पैसे नीट द्या’ अशी झाली. ‘देऊच नका’ ही वेगळी.

“पेट्रोल पंपाला कधी दिले का?”

दिले. मार्च २०२३ मध्ये फेम-२ मधून तीन सरकारी तेल कंपन्यांना ८०० कोटी मंजूर झाले, देशभरात ७,४३२ जलद चार्जर बसवायला. ते बसणार होते पंपांवरच.

“पावसात शॉक बसेल.”

यावर मी भाषण करणार नाही, माझ्या अंगणातली गोष्ट सांगतो. ठाण्याचं एक जोडपं आलं होतं, इलेक्ट्रिक गाडी घेऊन. पडवीतल्या १५ अँपियरच्या सॉकेटला त्यांनी वायर लावली, खळ्यातून फणसाखाली गाडीपर्यंत नेली. चार्जरच्या डब्यावर लाल दिवा. काढली, परत लावली, परत लाल. ते माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. शेवटी आमच्या वायरमनला बोलावलं. तो आला, टेस्टर सॉकेटला लावला आणि मलाच ओरडला, “काका, तुमचं अर्थिंग मेलंय.” घर जांभ्यावर. मे महिन्यात कातळ कोरडा ठणठणीत, त्यात पुरलेली पट्टी नावालाच. त्याने खड्ड्यात दोन कळश्या पाणी ओतायला लावलं. मीठ-कोळसा घालून खड्डा नव्याने भरायला पाहिजे, हेही ऐकवलं. पाणी मुरल्यावर पंधरा मिनिटांनी दिवा हिरवा. रात्रभरात गाडीने तीसेक युनिट घेतले, सकाळी ते वेळणेश्वरला गेले.

म्हणजे मामला असा होता: फ्रिज, गिझर, मिक्सर ही मंडळी त्या मेलेल्या अर्थिंगवर बिनतक्रार चालत होती. किती वर्षं, देव जाणे. वीज घ्यायला नकार दिला तो फक्त त्या गाडीने. चार्जर आधी गाडीशी बोलून घेतो, अर्थिंग तपासतो, मगच वीज सोडतो. आणि पावसाळ्यात, जमीन ओली असताना, आमचं अर्थिंग उलट चांगलं असतं.

वादळाचं मेसेजात नाही, पण ग्रुपवर एकाने विचारलं. जून २०२० च्या निसर्ग वादळात मंडणगड-दापोलीकडे आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, तेव्हा गाडी कशी चार्ज केली असती? केली नसती. पण पंपावरचं पेट्रोलही विजेवरच वर चढतं. जनरेटर असलेला पंप चालतो, तसाच जनरेटर असलेला चार्जर चालेल.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, जरा आखडून. दोन तास कुणी काही बोललं नाही. एकाने नमस्काराचे हात टाकले, एकाने सुप्रभात. रात्री अण्णांचा फोन आला. त्यांच्या मुलाने स्कूटर बुक केलीय, बॅटरीची. मेसेजाचा विषयही त्यांनी काढला नाही. म्हणाले, “आगरातल्या पंपाच्या मीटरवर लावली तर चालेल ना रे? तिथे युनिट स्वस्त पडतं.”

नाही चालणार, अण्णा. घरच्या मीटरवर खुशाल लावा, घरगुती दरानेच बिल येईल. शेतीच्या मीटरवर लावलीत, तर वीज कायद्याचं कलम १२६ आहे आणि आकारणी दुप्पट दराने होते.