रॉडच्या धाग्यावर पाच मिनिटांचा एपॉक्सी: एका फिरत्या सल्ल्याला उत्तर

पावसाळा ओसरून मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारांचे जुने गावतलाव, भरले, की पाळीवर गरी टाकून बसणाऱ्यांच्या मोबाइलवर एक सल्ला नव्याने फिरू लागतो. त्याचा आशय असा: मासेमारीच्या रॉडची कडी (जिच्यातून दोरी जाते ती) सैल झाली किंवा तिच्यावरचा धागा सुटला, तर नवा धागा गुंडाळून त्यावर हार्डवेअरच्या दुकानातला पाच मिनिटांचा एपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळल्यावर पाच मिनिटांत जमणारा पदार्थ) एकाच जाड थरात लावावा, लवकर वाळावा म्हणून हार्डनर थोडा जास्त घ्यावा, मिश्रण घट्ट वाटल्यास थिनर टाकावा, रॉड दुपारभर उन्हात ठेवावा आणि संध्याकाळी तलावावर जावे. शेवटी असेही लिहिलेले असते, की रॉडसाठी म्हणून विकला जाणारा फिनिश (धाग्यावर द्यायचा वरचा थर) हा तोच एपॉक्सी असून केवळ नाव बदलून जादा पैसे घेतले जातात. यातील जवळजवळ प्रत्येक वाक्य कोणत्या तरी खऱ्या गोष्टीच्या आधाराने उभे आहे आणि म्हणूनच ते वाचणाऱ्याला पटते. भंडारा-गोंदियाच्या या पट्ट्यात आसपासच्या गावांतले रॉड दुरुस्तीसाठी माझ्याकडे येतात आणि त्यांतले बरेचसे हाच सल्ला पाळून बिघडलेले असतात, त्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर देणे मला आवश्यक वाटते.

सुरुवात हार्डनरपासून करतो, कारण सर्वाधिक नुकसान तिथे होते. "हार्डनर जास्त टाकला की लवकर वाळते" हा समज आपल्याकडे आला तो कूलर दुरुस्त करणाऱ्यांकडून, असे माझे मत आहे. फायबरच्या कूलरची बॉडी फुटली, की कारागीर काचेच्या मॅटवर जे रेझिन लावतो ते पॉलिएस्टर असते; त्यात टाकले जाणारे द्रव्य साधारणपणे शेकडा एक-दोन भाग इतकेच असते, ते केवळ क्रिया सुरू करते आणि ते थोडे वाढवले तर रेझिन खरोखरच लवकर जमते. एपॉक्सीचे तसे नाही. एपॉक्सीत हार्डनर हा क्रिया सुरू करून बाजूला होणारा पदार्थ नसून तो स्वतः रेझिनच्या रेणूंशी जोडला जातो आणि दोघांचे मिळून एकच जाळे तयार होते. जोडण्यासाठी रेझिन शिल्लक राहिले नाही, की उरलेला हार्डनर त्या जाळ्यात तसाच अडकून पडतो आणि थर मऊ, चिकट, पाणी धरणारा होतो. तो महिनाभर ठेवला तरी कडक होत नाही. उलट हार्डनर कमी पडला तरी परिणाम फारसा वेगळा नसतो.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गावातील एका मुलाचा रॉड माझ्याकडे आला होता. पहिल्या मोठ्या कडीवरचा थर दिसायला चकचकीत होता. मात्र त्यावर नख दाबले तर खूण उमटत होती आणि ती हळूहळू भरून येत होती. थराच्या कडेला, जिथे तो दांड्याला टेकतो तिथे, पांढरट रेघ गोल फिरलेली होती. ब्लेडने थर उचलला तेव्हा आत धागा ओला निघाला आणि कडीच्या पायावर नारिंगी गंज धरलेला होता. दोष मुलाच्या हाताचा नव्हता, कारण धाग्याचे वेढे त्याने सुरेख, एकमेकांना लागून दिले होते. त्याला सांगितलेले प्रमाणच चुकीचे होते.

त्यामुळे प्रमाण मोजूनच घ्यावे आणि बाटलीवर ते आकारमानाने दिले आहे की वजनाने, हे आधी वाचावे, कारण रेझिन आणि हार्डनर यांची घनता सारखी नसते. फ्लेक्स कोट किंवा थ्रेडमास्टर यांसारखे रॉडचे फिनिश आकारमानाने समसमान घ्यायचे असतात. दोन वेगळ्या सिरिंजमध्ये प्रत्येकी तीन मिलिलिटर घेतले, तर एखाद्या थेंबाची चूक खपून जाते. अर्धा-अर्धा मिलिलिटर घेतला, तर तोच थेंब सगळे काम बिघडवतो. म्हणून थोडे मिश्रण वाया गेले तरी चालेल, पण फार कमी करू नये. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या ज्या सिरिंजच्या दट्ट्याला काळे रबर असते, तो दट्ट्या सहज सरकावा म्हणून आत सिलिकॉनचे तेल लावलेले असते आणि त्याचा अंश मिश्रणात उतरला, की धाग्यावर थर जागोजागी मागे सरकून माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. रबर नसलेली, दोनच भागांची प्लास्टिकची सिरिंज घेतली तर हा त्रास होत नाही. मेणाचा लेप असलेला कागदी कपही याच कारणासाठी टाळावा. मिश्रण फेटू नये. कपाच्या कडा आणि तळ खरवडत दोन-तीन मिनिटे सावकाश ढवळावे.

आता पाच मिनिटांच्या एपॉक्सीविषयी. तो वाईट पदार्थ आहे असे मी म्हणणार नाही. टोकाची कडी तलावावरच निसटली, तर ती तात्पुरती बसवायला तो उपयोगी पडतो. घरी असाल तर त्याही जागी ग्लू गनची कांडी बरी, कारण पुढे कडी बदलायची झाली तर थोड्या उष्णतेने ती निघते. परंतु धाग्यावरच्या थराचे काम चिकटवण्याचे नाही. कडी दांड्यावर टिकते ती ताणून दिलेल्या धाग्याच्या वेढ्यांमुळे. वरच्या थराने ते वेढे जागच्या जागी धरायचे, पाणी आत जाऊ द्यायचे नाही आणि तीन-चार किलोच्या रोहूने ओढ घेतल्यावर दांडा वाकेल तेव्हा न तडकता त्याच्याबरोबर वाकायचे. यासाठी फिनिश पातळ, धाग्यात झिरपणारा, स्वतःहून सपाट होणारा आणि थोडा लवचीक असावा लागतो. पाच मिनिटांच्या मिश्रणाला सपाट व्हायला वेळच मिळत नाही. ब्रशचे ओरखडे आणि हवेचे बुडबुडे आहेत तिथेच गोठतात. शिवाय ती पाच मिनिटे साधारण 25 अंशांच्या खोलीतली असतात. तापमान दहा अंशांनी वाढले, की ही क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते, म्हणजे नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या, दिवसांत टिनाच्या छपराखाली काम करणाऱ्याच्या हाती दोन मिनिटेही धड उरत नाहीत. झटपट जमणारे हे प्रकार सावकाश जमणाऱ्यांच्या मानाने पाण्याला आणि उष्णतेलाही कमी टिकतात. नागपूरला मे 2013 मध्ये पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा दिवशी बंद गाडीत ठेवलेल्या काळ्या रॉडवर तो थर मऊ पडणार हे उघड आहे.

उन्हात ठेवण्याचा सल्ला ज्या समजुतीवर उभा आहे ती अशी, की एपॉक्सी वाळतो. रंग वाळतो, कारण त्यातला द्रव उडून जातो. एपॉक्सीतून काही उडून जायचे नसते. तो आतल्या आत जुळत जातो. ऊन लागल्यावर पहिली गोष्ट होते ती मिश्रण पाण्यासारखे पातळ होण्याची, त्यामुळे ते खालच्या बाजूला ओघळते आणि तिथे पोट सुटल्यासारखा फुगवटा राहतो. त्याच वेळी धाग्याच्या वेढ्यांखाली आणि कडीच्या पायाजवळच्या पोकळीत अडकलेली हवा तापून फुगते आणि थरातून बुडबुडे वर येतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी एपॉक्सी पिवळा पडतो तो भाग वेगळाच. रॉड सावलीत, धूळ नसलेल्या खोलीत आडवा ठेवावा आणि फिरवत राहावा. मोटर नसेल तर दोन खुर्च्यांच्या पाठींवर खाचा पाडलेला पुठ्ठा बांधून त्यावर रॉड ठेवावा. पहिला तास-दीड तास दर काही मिनिटांनी अर्धा फेरा द्यावा आणि नंतर थर हलेनासा होईपर्यंत जरा सावकाश. जुन्या मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी मोटर मिळाली तर ती या कामाला उत्तम, कारण ती मिनिटाला पाच-सहा फेरेच घेते. चोवीस तासांनी थर हाताला लागत नाही, पण पूर्ण कडक व्हायला आणखी काही दिवस जातात. म्हणून संध्याकाळी मासेमारीला जाण्याचा बेत सोडून द्यावा.

थिनरचा मुद्दा थोडक्यात संपतो. थिनर थरात अडकून राहतो आणि थर कमकुवत होतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रेझिन मधासारखे घट्ट होते, कधी कधी त्यात साखरेसारखे कणही धरतात; तेव्हा बंद बाटली गरम पाण्याच्या भांड्यात थोडा वेळ ठेवावी, ते पूर्ववत होते. मिश्रण केल्यावर ते कपात न ठेवता अॅल्युमिनियमच्या फॉइलवर पसरावे. कपात साठून राहिलेले मिश्रण स्वतःच्या उष्णतेने तापत जाते आणि लवकर जमते. पसरलेले जास्त वेळ कामात येते.

थिनरने हात पुसण्याची सवय मात्र मला खरोखर काळजीची वाटते. कच्चा एपॉक्सी आणि विशेषतः हार्डनर वारंवार कातडीला लागला, तर काही जणांना त्याची अॅलर्जी जडते. ती एकदा जडली की सहसा जात नाही, आणि थिनर तर हे द्रव्य कातडीत आणखी खोल नेतो. नायट्राइलचे हातमोजे घालावेत आणि हाताला लागलेच तर साबण-पाण्याने लगेच धुवावे.

एकच जाड थर द्यावा हेही पटण्यासारखे नाही. पहिला थर पातळ असावा, तो धाग्यात मुरण्यासाठी असतो, दुसरा गुळगुळीतपणासाठी. जाड थर कडक होऊन दांड्याला त्या जागी वाकू देत नाही आणि मग थराच्या कडेलाच तडा जातो. पावसाळी दमट हवेत पहिल्या थरावर कधी तेलकट पापुद्रा येतो. हार्डनरमधील अमाइन हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी मिळून तो तयार होतो आणि तो न काढता दुसरा थर दिल्यास तो नीट धरत नाही. कोमट साबण-पाण्याने पुसून, पूर्ण कोरडे करून मगच पुढचा थर द्यावा. धाग्याचा रंग तसाच राहावा अशी इच्छा असेल, तर साध्या नायलॉन धाग्यावर आधी कलर प्रिझर्व्हर (रंग टिकवणारा द्रव) लावावा लागतो, अन्यथा फिनिश मुरल्यावर धागा पारदर्शक होऊन रंग काळपट दिसतो. हा केवळ दिसण्याचा प्रश्न आहे, त्याने मजबुतीत फरक पडत नाही.

राहता राहिला पैशांचा आरोप. रॉडचा फिनिश आणि दुकानातला एपॉक्सी एकाच कुळातले आहेत, हे बरोबर आहे. तरीही हार्डनरची निवड, पातळपणा, लवचीकपणा आणि जमायला लागणारा वेळ या गोष्टी रॉडच्या कामासाठी जुळवलेल्या असतात आणि किंमत त्याची आहे. ज्यांना तो मागवणे शक्य नाही, त्यांनी दागिने आणि शोभेच्या वस्तू ओतण्यासाठी मिळणारे पारदर्शक रेझिन वापरून पाहायला हरकत नाही. ते अधिक पातळ आणि अधिक कडक असते, म्हणून फार पातळ थर द्यावे लागतात आणि रॉड जास्त वेळ फिरवावा लागतो. त्याचे प्रमाण पुष्कळदा दोनास एक किंवा तीनास एक असते, हे विसरू नये. बांबूच्या काठीवर कड्या बांधणाऱ्यांना तर एपॉक्सीची गरजच नाही. चांगल्या लवचीक वार्निशचे पाच-सहा पातळ थर, प्रत्येक थर पूर्ण वाळू देऊन दिले, तर ते उत्तम टिकतात.

एका कडीला फिनिश अगदी थोडा लागतो. त्यामुळे गावातल्या तीन-चार जणांनी मिळून बाटल्यांचा एक लहान जोड घेतला, तर कित्येक रॉड त्यात होतात. काही महिन्यांनी हार्डनर पिवळसर दिसू लागला म्हणून तो फेकू नये, सहसा तो कामाचा असतो. दोन्ही बाटल्यांच्या टोपणांवर मात्र मार्करने खुणा कराव्यात. हार्डनरचे टोपण चुकून रेझिनच्या बाटलीला लागले, तर ते तिथेच जमून बसते आणि पुढच्या वेळी बाटली उघडत नाही.