रोल नंबर ६३

आज रागात लिहितेय, त्यामुळे शुद्धलेखन काढत बसू नका.

माझी भाची उदगीरहून पुण्याला आलीये, एफवाय बीएस्सीला. हॉस्टेलची यादी लागेपर्यंत माझ्याकडेच आहे. आज कॉलेजात नव्या मुलांचं स्वागत होतं. संध्याकाळी घरी आली, पाठीवरची सॅकसुद्धा न काढता पलंगावर बसली आणि म्हणाली, "मावशी, मला घरी जायचंय." जेवायला उठेना. खूप विचारलं तेव्हा तुटक तुटक कळलं. एकेकाला स्टेजवर बोलावून हातात माईक दिला. नाव, गाव, छंद, आणि पाच वर्षांनी तू कुठे असशील. सगळं इंग्रजीतून. हिने नाव सांगितलं, गाव सांगितलं, पुढचं घशातच अडकलं. सूत्रसंचालन करणारा पोरगा म्हणाला, "अरे, ही तर लाजतेय! टाळ्या वाजवा तिच्यासाठी!" अख्खा हॉल हसला. आणि टाळ्याही वाजल्या.

हसण्यापेक्षा मला त्या टाळ्यांचा जास्त राग आलाय.

कारण ते हसू मला पाठ आहे. जुलै २००३. रात्रभर एसटीत बसून मी पहाटे शिवाजीनगरला उतरले होते (तेव्हा स्टँड तिथेच होता, वाकडेवाडीला गेला नव्हता). पहिल्याच आठवड्यात वर्गात शेजारणीला म्हणाले, "सर यायलेत." पुढच्या बाकावरच्या तिघी वळल्या. एकीने "यायलेत" माझ्याच सुरात म्हणून दाखवलं. घडलं एवढंच. पण त्यानंतर पंधरा दिवस मी त्या इमारतीत "येस सर" सोडून एक शब्द बोलले नाही. डबा जिन्याखाली उभ्याने खायचा. रात्री कॉइन बॉक्सात रुपया टाकून आईला सांगायचं, "बरंय गं, मैत्रिणी झाल्यात." फोन ठेवला की तिथेच रडायचं, कारण रूमवर तीन अनोळखी मुली.

त्यातून मला बाहेर काढलं ते केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलने. रोल नंबरप्रमाणे जोड्या लावल्या होत्या. मी ६२, ती ६३. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं टायट्रेशन, म्हणजे एका द्रवात दुसरा थेंब थेंब सोडायचा, आधी रंग जात राहतो, तो टिकला की थांबून किती लागलं ते मोजायचं. ज्यांनी केलंय त्यांना आठवेल, अ‍ॅसिड आधी गरम करून घ्यावं लागतं, साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत. मी घाबरून तसंच थंड घेतलं. ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या उभ्या नळीतून, जांभळे थेंब सोडतेय आणि रंग जायचं नाव घेईना. हात कापायला लागले. ६३ नंबरने काही न बोलता माझा फ्लास्क उचलला, तिवईवर ठेवला, खाली बर्नर सरकवला. मग म्हणाली, "आता सोड. हळू. पहिले थेंब वेळ घेतात, नंतर भराभर जातात." फिकट गुलाबी छटा टिकली तेव्हा आम्ही दोघी एकदमच ओरडलो, "थांब!"

तिने मला छंद विचारला नाही. "तुझं रीडिंग किती आलं?" एवढंच विचारलं. ती पेठेतली, मी उदगीरची. आजही दिवसाआड फोन असतो आमचा.

हो, उद्या व्हायवात बोलावं लागतं, मुलाखतीत बोलावं लागतं. मान्य. तो सूत्रसंचालक पोरगाही असून असून एकोणीस-वीस वर्षांचा असेल, त्याच्या मनात वाईट नव्हतं, तेही मान्य. पण पहिल्या रांगेत बसलेले प्राध्यापक? त्यांना एवढं दिसलं नाही? प्रवेश घेताना आम्ही रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरलं, तिच्या आईने, म्हणजे माझ्या ताईनेही भरलं. आजचं रॅगिंगमध्ये बसत नाही, मला माहितीये. पण यूजीसीने २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' आणलं ते कशासाठी? नवीन मुलं रुळावीत, त्यांचे छोटे गट करावेत, गटाला एक मार्गदर्शक शिक्षक असावा, यासाठीच ना? त्याचं तुम्ही स्टेज आणि माईक करून टाकलं. गावाकडच्या, मराठी माध्यमाच्या, मुळातच कमी बोलणाऱ्या पोरीला पहिल्याच दिवशी चारशे माणसांसमोर उभं करायचं आणि वर म्हणायचं, आम्ही तिची भीती घालवतोय. भीती अशी जाते? माझी अशी गेली नव्हती. माझी बर्नरवर गेली, एका पोरीच्या शेजारी उभं राहून.

ताईचा फोन आला तर तीही तेच, "तिला जरा धीट कर गं." मी ताईवरच खेकसले. आता वाईट वाटतंय. लेक पहिल्यांदाच घरापासून रात्रभराच्या अंतरावर आहे, ती बिचारी तरी काय म्हणणार. उद्या सकाळी फोन करते तिला.

माझ्या यादीतले बरेच जण शिकवता. तुम्हाला हात जोडून सांगते. पहिल्या आठवड्यात या पोरांना स्टेजवर चढवू नका. दोघा-दोघांना मिळून काहीतरी काम द्या. साधं सूक्ष्मदर्शक पुसायला द्या, पण दोघांना मिळून द्या. आणि "मोठ्याने बोल" म्हणण्याआधी दोन पावलं पुढे जाऊन तिचं ऐका. हाजिरी घेताना नुसता नंबर न पुकारता एकदा नावाने हाक मारा. मला रसायनशास्त्राच्या मॅडमनी ऑगस्टमध्ये पहिल्यांदा नावाने हाक मारली होती, जर्नलवर सही करताना. ती सही अजून माझ्याकडे आहे.

मघाशी भाचीला ही ६३ नंबरची गोष्ट सांगितली. वाटलं होतं, ऐकणार नाही. पण उठून ओट्यापाशी आली, वरणभात वाढून घेतला आणि खाता खाता एकच विचारलं, "पण गरम का करायचं, मावशी?" सांगितलं, थंडात ती अभिक्रिया फार सावकाश होते. मान हलवली आणि अजून थोडा भात घेतला.

उद्या प्रॅक्टिकलच्या बॅचेस लागणार आहेत. तिचा रोल नंबर १८. १९ कोण आहे ते अजून कळलेलं नाही.