४१० ग्रेनचा बाण मागितला, ५२२ चा का दिला: चिपळूणच्या दुकानदाराचं उत्तर

नमस्कार दादा,

माझ्या धनुष्यबाणाच्या दुकानाला तुम्ही इंटरनेटवर दिलेला एक तारा पाहिला, खालचा मजकूरही वाचला. आधी माफी मागतो. चार दिवसांत बाण देतो म्हणालो होतो, नऊ दिवस लागले. मधल्या काळात मी स्वतःहून एकदाही फोन केला नाही. सुट्टीचे दिवस मोजून गावी आलेल्या माणसाला माझ्यामुळे तीन हेलपाटे पडले. ही चूक माझी आहे.

पण "जड पितळी टोकं चिकटवून बिल फुगवलं" हे वाक्य मला दोन रात्री झोपू देत नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. दादा अमेरिकेत कोलोरॅडोला असतात. तिथे सप्टेंबरमध्ये परवाना काढून कम्पाउंड (टोकांना चाकं असलेल्या) धनुष्याने एल्कची, म्हणजे एका मोठ्या हरणाची, शिकार करता येते. जुलैत ते गावी आले होते, धनुष्य सोबत होतं, आणि बारा बाणांचा संच त्यांनी माझ्याकडून बनवून घेतला. त्यांची तक्रार अशी: वेळ पाळली नाही, ४१० ग्रेनचा बाण सांगितला असताना ५२५ चा दिला, त्यात दोन हजार जास्त लावले, बाण ४० यार्डांवर हातभर खाली पडतो, ब्रॉडहेड (शिकारीची धारदार पाती) मागितली ती दिली नाहीत, आणि "मालक शाळेच्या पोरांना शिकवणारा माणूस, त्याला शिकारीतलं काय कळणार".

शेवटचं आधी घेतो. होय, मी पोरांना शिकवतो. २०२३ मध्ये बर्लिनला आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी कम्पाउंडमध्ये जगज्जेती झाली, त्यानंतर माझ्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागेवर, येणाऱ्या मुली दुप्पट झाल्या, आणि त्याचा मला अभिमान आहे. मी आयुष्यात एकही जनावर मारलेलं नाही. हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण बाण तोलणं, कापणं, जुळवणं हे माझं रोजचं काम आहे. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण झालं असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्याचं देऊळ इथून वर डोंगरावर आहे, आणि दर वर्षी पहिला नवा बाण मी तिथे ठेवून येतो. माझ्या कामाला असं हलकं लेखलेलं मनाला लागलं.

आता वजनाचं. तुम्ही विसरला असाल, म्हणून त्या संध्याकाळची आठवण करून देतो. बाहेर पाऊस कोसळत होता, लाईट गेली होती, आणि चहा घेताना तुम्ही मागच्या वर्षीच्या एल्कची गोष्ट सांगितलीत. ३० यार्डांवरून बाण खांद्यावर लागला, हाडाला अडून बोटभर आत गेला, जनावर पळालं आणि दोन दिवस शोधूनही सापडलं नाही. हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. "पुन्हा असं नको" हे शब्द तुमचे होते. पुढचं सगळं मी त्या शब्दांवर केलं.

ज्यांना ग्रेन माहीत नाही त्यांच्यासाठी: एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन असतात. तुमचा हलका बाण ४१३ ग्रेनचा, मी दिलेला ५२२ चा. फरक सात ग्रॅमचा, तोळ्यापेक्षाही कमी. पण ते सात ग्रॅम बाणाच्या कुठल्या भागात जातात यावर सगळं अवलंबून असतं. मी त्यातलं बहुतेक वजन पुढे घातलं. अ‍ॅल्युमिनियमचं १६ ग्रेनचं इन्सर्ट (दांड्याच्या तोंडात बसणारा, टोक लावायचा तुकडा) काढून ७५ ग्रेनचं पितळी बसवलं, आणि १०० ऐवजी १२५ ग्रेनचं टोक लावलं. उरलेलं वजन जास्त ताठ शाफ्टचं, म्हणजे बाणाच्या दांड्याचं, आहे. बाण २८ इंचांचा. हलक्याचा तोल मागच्या खाचेपासून १७ इंचांवर येतो, म्हणजे मध्यापेक्षा ३ इंच, साधारण ११ टक्के पुढे. तुमच्या संचाचा तोल १८.६ इंचांवर येतो, म्हणजे १६ टक्क्यांहून थोडा जास्त पुढे. वजन पुढे असलं की मागची पिसं बाणाला लवकर सरळ करतात, आणि हाडाला लागल्यावर मागचा दांडा कमी वळवळतो. पात्याच्या बाणाला हे फार लागतं, कारण पातं स्वतःच हवेत सुकाणूसारखं वागतं.

दोन्ही बाण मी तुमच्या धनुष्यावर वेग मोजायच्या यंत्रासमोर मारून दाखवले होते. आकडे वहीत आहेत. ४१३ ग्रेनचा सेकंदाला २६२ फूट, ५२२ चा २३७ फूट. २५ फूट वेग गेला हे खरं, आणि तुम्हाला खटकतंय ते नेमकं तेच. पण हिशेब पुढे न्या. ऊर्जा ६३ वरून ६५ फूट-पाउंड झाली, म्हणजे जवळपास तेवढीच. रेटा, ज्याला मोमेंटम म्हणतात, तो मात्र ०.४८ वरून ०.५५ झाला, १४ टक्के जास्त. हाडात घुसताना हा रेटाच कामाला येतो. शिवाय जड बाण धनुष्याची ताकद जास्त शोषून घेतो, त्यामुळे सुटतानाचा आवाज आणि हादरा कमी होतो. तो आवाज ऐकून तुम्ही मान डोलावली होती, आणि वहीत "जड वाला करा" असं तुमच्याच हाताने लिहिलंत. ते पान अजून आहे. फोटो इथे टाकत नाही, कारण तुमची सही चव्हाट्यावर आणणं मला बरं दिसत नाही.

उगाच जड करणाऱ्यातला मी नाही. डॉ. एड अ‍ॅशबी यांनी १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताल भागात बाण हाडातून कसा जातो यावर काम सुरू केलं. ते जड हाडासाठी बाण किमान ६५० ग्रेनचा हवा असं सांगतात. तुमच्या धनुष्यावर, ज्याचा ताण ६२ पाउंड भरला, ६५० म्हणजे ताणाच्या पाउंडामागे साडेदहा ग्रेन झाले असते, आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी बाण आणखी खाली लागला असता. म्हणून मधला मार्ग धरला. ५२२ म्हणजे पाउंडामागे ८.४. तुमचा जुना बाण ६.७ वर होता. तोही सुरक्षित, कारण बहुतेक कम्पाउंडचे कारखानदार ५ च्या खाली जाऊ नका म्हणतात. पण खांद्याच्या हाडाची गोष्ट तुम्हीच सांगितली होती.

"हातभर खाली" याबद्दल. दादा, हातभर नाही, वीतभर. २६२ आणि २३७ फूट वेगाच्या बाणांमध्ये ४० यार्डांवर साधारण ९ इंचांचा फरक पडतो. तुमच्या साईटच्या (नेम धरायच्या) पिना जुन्या बाणाला लावलेल्या आहेत आणि तुम्ही त्या हलवल्याच नाहीत. "आता साईट नव्याने लावावी लागेल" हे मी सांगितलं होतं, रेंजही फुकट देतो म्हणालो होतो. तुम्हाला त्या दिवशी गुहागरला जायचं होतं. ठीक आहे, सुट्टीत माणसाला घरचेही असतात.

आता नऊ दिवसांचं. तुम्ही धनुष्याचा ताण ५५ पाउंड सांगितलात. त्यावर मी ४०० स्पाइनचे शाफ्ट पुण्याहून मागवले. (स्पाइन म्हणजे २८ इंचांवर टेकवलेल्या शाफ्टच्या मध्ये ८८० ग्रॅम वजन टांगलं की तो जितका वाकतो तो आकडा. आकडा लहान, शाफ्ट ताठ.) तिसऱ्या दिवशी शाफ्ट आले, आणि त्या संध्याकाळी काट्यावर तुमचं धनुष्य ६२ भरलं. अमेरिकेत कुणीतरी बोल्ट आवळले होते, तुम्हालाही माहीत नव्हतं. ६२ पाउंड आणि पुढे २०० ग्रेन वजन, याला ४०० चा शाफ्ट म्हणजे ओली काठी. ३०० चेच हवेत. पुन्हा मागवले, आणि कुंभार्ली घाटात पावसामुळे पार्सल दोन दिवस अडकलं. सातव्या दिवशी आल्यावर कापले, टोकं घासून काटकोनात आणली, इन्सर्ट दोन भागांच्या गोंदाने बसवले. तो गोंद मी चोवीस तास हलवत नाही. कोकणातल्या जुलैत तर नाहीच. मग पिसं, मग एकेक बाण तोलणं. बाराही बाण एकमेकांपासून २ ग्रेनच्या आत आहेत. चिठ्ठी डब्यात ठेवली आहे, वाचा कृपया.

तरीही धनुष्य पहिल्याच दिवशी मी काट्यावर टांगायला हवं होतं. गिऱ्हाइकाच्या तोंडच्या आकड्यावर ऑर्डर दिली, हे माझं कच्चं काम. यापुढे आधी मोजूनच मागवू. वेळेचंही नक्की बघतो, फोनसाठी कुणीतरी ठेवायचा विचार आहे.

पैशांचं. दोन हजार नाही, १,३२० रुपये. पितळी आणि अ‍ॅल्युमिनियम इन्सर्टमधला फरक नगाला ११० रुपये, गुणिले बारा. त्यात माझ्या हाती नगामागे पंधरा रुपये राहतात. ३०० च्या शाफ्टचे मी एक रुपयाही जास्त लावले नाहीत, आणि ४०० चे बारा शाफ्ट अजून माझ्याकडे पडून आहेत. त्यांचे पैसे तुमच्याकडे मागितलेही नाहीत. २२ जुलै २०२१ च्या पुरात या दुकानात माळ्यापर्यंत पाणी होतं. फोमची टार्गेटं वाशिष्ठीत वाहून गेली, त्याचं कर्ज अजून फिटतंय. तरी १,३२० रुपयांसाठी कुणाला फसवायची वेळ माझ्यावर आलेली नाही. तुमचा मजकूर वाचून एका शाळेने सहा धनुष्यांची ऑर्डर "जरा थांबू" म्हणून लांबवली. हे तुम्हाला माहीत असावं, एवढ्यासाठी लिहितो.

ब्रॉडहेड मी विकत नाही आणि विकणार नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. डुकरं शेत उकरतात म्हणून पाती मागायला गावागावातून माणसं येतात, ओळखीचे येतात, नातलगही येतात. त्यांना नाही म्हणायचं आणि तुम्हाला काउंटरखालून द्यायची, हे माझ्याने होणार नाही. म्हणूनच १२५ ग्रेनची साधी टोकं लावून दिली, की तिथे त्याच वजनाची पाती बसवली की तोल तोच राहील. तिथला नियम तुम्हीच मला सांगितला होता: धनुष्य किमान ३५ पाउंडाचं, पातं किमान सात अष्टमांश इंच रुंद. त्याला हे सगळं बसतं.

एवढं करूनही जड वाटत असेल तर पितळी इन्सर्ट काढायला जाऊ नका. गोंद सोडवायला आच द्यावी लागते आणि आचेने कार्बन खराब होतो. नुसती टोकं बदला. १०० ग्रेनची बारा टोकं मी तुमच्या गावच्या घरी पोचवतो, पैसे नकोत. बाण ४९७ वर येईल, तोल १५ टक्क्यांच्या आसपास राहील. मग २० यार्डांपासून सुरुवात करा, बाण खाली लागला तर साईटही खाली सरकवा, आणि पुढे ३०, ४० असं करत जा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. सप्टेंबरला अजून वेळ आहे.

आणखी एक, हे लिहायचं की नाही असा विचार करत होतो. तुमच्या भाच्याने सांगितलं की अंगणात मारताना एक बाण जांभ्याच्या गडग्यावर आदळला. तुमच्या मजकुरात ते नाही, आणि मला त्यावरून वाद घालायचा नाही. पण तो बाण, बहुतेक ७ नंबरचा, धनुष्याला लावू नका. दोन्ही टोकं धरून हलकेच वाकवा, फिरवत फिरवत, कानाशी धरून. कर्रकन बारीक आवाज आला किंवा बोटाला चीर लागली तर मोडून टाका. तडकलेला कार्बन दोरी सुटताना फुटतो आणि धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. त्याच्या बदल्यात दुसरा बाण बनवून ठेवलाय, ५२२ चाच. कुणी तिकडे येणारं असेल तर सांगा, त्यांच्याकडे देतो.

आपला,
दुकानाचा मालक, चिपळूण