कौलं परतायची आहेत, माणूस आहे का?

एप्रिल लागला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून ‘उन्हाळ्यात घर थंड कसे ठेवाल’ हे सुरू होतं. पडदे ओले करा, गच्चीला पांढरा रंग द्या. आमच्या देवगडकडे हे कोणी वाचत असेलच, तर ते माळ्यावर बसून, घामाने निथळत आणि डोक्यावर छप्पर नसताना. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे पावसाची पूर्वतयारी, आणि त्यासाठी घर नेमकं भर वैशाखात उघडं करावं लागतं.

बाकीची कामं होऊन जातात. खळ्यातला, म्हणजे अंगणातला, माटव (मांडव) उतरवायचा, पडवीला झड लागू नये म्हणून माडाची झापं बांधायची, मागच्या दारचा चर उपसायचा, नारळाची सोडणं नि लाकडं मांगरात, म्हणजे कोठारात, भरायची, गडग्याचे (कुंपणाच्या भिंतीचे) निखळलेले चिरे बसवायचे. आम्ही पुरुषमंडळी ‘बघू’ म्हणेपर्यंत बायकांनी यातलं अर्धं उरकलेलं असतं. घोडं अडतं ते कौलं परतण्यापाशी, म्हणजे कौलं काढून, फुटकी बाजूला करून पुन्हा नीट बसवण्यापाशी. कौलांवर चालणं ही विद्या आहे. पाय पडायला हवा तो खाली रीप (कौलं टेकतात ती लाकडी पट्टी) आणि वासा असेल तिथेच, आणि वरून रीप दिसत नाही. आमच्या आबांना दिसते. अख्ख्या वाडीत ती दिसणारे ते एकटेच, त्यामुळे मे महिन्यात आबांना जो मान असतो तो निवडून आलेल्या माणसालाही मिळत नसेल.

“आबा, कौलं परतायची होती.”

“येतंय मां. फाल्या.”

आबा खोटं बोलत नाहीत. फक्त त्याच ‘फाल्या’चं, म्हणजे उद्याचं, वचन त्यांनी आणखी चार घरांना दिलेलं असतं, आणि स्वतः ते आंब्याच्या बागेत असतात. आधी पेटीचा हापूस उतरतो, मग डबाबंद रसासाठी जाणारा कॅनिंगचा, आणि तो संपला की मग आमची कौलं. हे गणित पिढ्यान्‌पिढ्या जमत आलं, कारण मृग निघतो ७ जूनच्या आसपास. पण २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडात येऊन ठेपला. तेव्हापासून वाडीत जो तो अक्षय्य तृतीयेपासूनच आबांच्या मागे लागतो. आबा मात्र अजून मृगाचंच पंचांग मानतात. हवामान खात्याने त्यांना विचारलं नव्हतं.

शेवटी आबा आले. चहा घेतला, पान लावलं, छपराकडे बघून ‘हूं’ केलं आणि शिडी न मागता पडवीच्या खांबावरून वर गेले. माझं काम खाली उभं राहून कौलं झेलायचं. प्रत्येक कौल ते आधी बोटाच्या पेराने वाजवून बघतात. खणखणीत वाजलं तर ठेवायचं. ‘थप्प’ वाजलं तर त्याला कुठेतरी केसाएवढी चीर आहे, बाजूला. वानरांनी यंदा फणसावरून थेट आढ्यावर उड्या मारल्यामुळे ‘थप्प’वाल्यांची रास चांगलीच वाढली.

कौलं उलटी झाली की त्यांच्या पोटावरची अक्षरं दिसतात. शेवाळ खरवडलं तर आमच्या जुन्या कौलांवर बासेल मिशन, मंगळूर आणि १८६५ असं उमटलेलं आहे. यावरून आमचे काका दरवर्षी पाहुण्यांना सांगतात की घर १८६५ सालचं. स्वित्झर्लंडच्या त्या मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला ते हे साल. घर काकांच्या आजोबांनी बांधलं, आणि कागद कपाटातच आहेत. मी एकदा हे सांगायला गेलो, तर काका म्हणाले, “म्हणजे कारखाना आणि आपलं घर एकाच वर्षीचं!”

एवढ्यात मुंबईहून चुलतभाऊ आला. चाकरमान्याला गावचं घर वर्षातून दोनदाच गळताना दिसतं, त्यामुळे त्याच्याकडे उपाय तयार असतात. “दादा, हा ताप कशाला? रंगीत पत्रे घाल. एकदा घातले की बघायला नको.” मी काही बोलणार, तोच वरून आवाज आला, “पत्रे घालूचे तर घाला. मगे माका हाक मारू नकात.” भाऊ गप्प झाला. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने कुणाकुणाचे पत्रे उडवले याचा आबांकडे घरवार हिशेब आहे. कौलंही उडाली होती, पण तो हिशेब त्यांना त्या क्षणी आठवला नाही. आणि पत्र्याखाली दुपारी झोपणं म्हणजे तव्याखाली झोपणं, हे माझं मत मी मनातच ठेवलं.

संध्याकाळी शेवटचा कोना, म्हणजे आढ्यावरचं कौल, बसवून आबा उतरले, पैसे मोजले आणि दुसऱ्याच्या छपराकडे निघाले. त्याच रात्री वळीव आला. सगळं घर कोरडं, फक्त माजघरात भावाच्या उशीवर टप्‌ टप्‌. कौलारू घराची ही खोड आहे: फट असते एकीकडे, पाणी वाशावरून सरकत जातं आणि टपकतं भलतीकडे. टपकायला जागा बाकी अचूक निवडली होती.

सकाळी फोन लावला. “आबा, एक कौल सरकलंय वाटतं.”

“पावस थांबलो काय येतंय.”

आमच्याकडे तो दसऱ्याच्या सुमारास थांबतो. तोवर पातेलं आहेच, आणि भावाचं परतीचं आरक्षण रविवारचं आहे.